आठ बाय चार

पहिल्या सोमवारी मी म्हटलं, पंचगंगेवर पोस्टर करा.
अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस निळे मासे आणले,
त्यातल्या एकवीस माशांच्या डोळ्यांत पाणी.
पाण्यातल्या माशाचं रडू दिसणार कसं,
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी विचारलं,
तारीख उलटली की हे जातं कुठं?

वर्ग गप्प. पंखा तेवढा टकटक करत होता.
मग शेवटच्या बाकावरून रेवण चौगुले,
"कुठं जातंय मॅडम, म्हशीवर."

हसले सगळे. तो हसला नाही.
त्याचं घर गवळी गल्लीत.

दुसऱ्या दिवशी वर्ग गोठ्यात भरला.
छताला आठ बाय चार, कुणाचा तरी वाढदिवस,
गॉगल, सोन्याची साखळी,
खाली तीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो,
आणि एवढ्या नजरांखाली धार काढणं चाललेलं.
रेवणची काकू मागं न बघता म्हणाली,
"पाठीमागनं काळं करत जावा की जरा.
ह्या पांढऱ्यातनं ऊन आरपार येतंय,
म्हसरं धापा टाकाय लागत्यात."
अकरा वर्षं मी रंग शिकवते.
इतका नेमका शेरा
कुठल्या ज्यूरीकडून ऐकला नव्हता.

तिथून आम्ही उलटे चालत गेलो.
गोठ्यातून भंगाराच्या गाड्याकडे, गाड्यावरून विजेच्या खांबाकडे,
खांबावरून राजारामपुरीत, तन्वीरच्या मामाच्या दुकानात,
जिथं मशीन रात्रभर जागं असतं,
शाईचा वास घशात बसतो
आणि धुण्याचं पाणी मोरीत जातं.
मोरीतून?
हाजराच्या वहीत तोवर नुसते चौकोन होते,
इथं बाण सुरू झाले.
मोरी, गटार, जयंती नाला.
"मॅडम, हे ग्राफिक डिझाइन न्हवं," सुयोग म्हणाला,
"ही म्युन्सिपाल्टी झाली."
मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं.

शनिवारी आंबेवाडीच्या अलीकडे.
मागच्या पुराची उंची बाभळींनी अजून धरून ठेवलेली,
चिंध्या, खताचं पोतं, बाहुलीचा एक हात,
आणि एक फ्लेक्स.
तनुजानं काठीनं ओढून काढला, वाळका चिखल झटकला.
नदी वाचवा.
खाली आमच्याच विभागाचं बोधचिन्ह.

अक्षर मी लगेच ओळखलं.
न आणि दी यांच्यामध्ये
शिरोरेषा केसभर तुटलेली.
तेव्हा घाई होती, उद्घाटन होतं,
मी फॉन्ट ताणला, म्हटलं, लांबून कोण बघतंय.
नदीनं जवळून बघितलं होतं.
पोरं माझ्याकडे बघायचं टाळत होती,
ते जास्त लागलं.

सत्र संपताना सत्तावीस जणांनी नकाशे दिले,
काही तर इतके देखणे की भिंतीवर लावावेत,
आणि मग पुन्हा तोच प्रश्न.
रेवणनं दिली चौदा गोठ्यांच्या बांबूंमधली अंतरं, फूट-इंचात,
त्या मापानं फ्लेक्सला रिंगा कुठं ठोकायच्या त्याची खूण,
मागून काळा थर, तन्वीरच्या मामानं काढलेला दर,
आणि खाली कच्च्या अक्षरात,
मजकूर संपल्यावर कापड पाच उन्हाळे टिकावं.

बाहेरून आलेले परीक्षक, भला माणूस,
कागद उलटसुलट करून म्हणाले, "यात डिझाइन कुठाय?"

गुणपत्रिकेत रकाने चार.
रंगसंगती, मांडणी, अक्षररचना, सफाई.
मी पेन्सिलीनं मांडणीपासून एक बाण काढला,
सफाईला वळसा घालून समासाबाहेर नेला,
कागद संपला तरी हात थांबेना,
टेबलाच्या सनमायक्यावर बारीक राखाडी रेघ
चहाच्या डागापर्यंत.

परीक्षकांनी काही न बोलता
खोडरबर माझ्याकडे सरकवला.